‘म्युरिॲटिक’ या एका विशेषणाच्या नोंदीला लागलेले सात आठवडे

२ फेब्रुवारी

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली रसायनाची जुनी पुस्तकं वाचताना अडणाऱ्यांसाठी शब्दांची एक वही करायला घेतली आहे. नावं, विशेषणं, प्रत्यय. प्रत्येकाचा अर्थ, तो कधी आणि कशासाठी वापरला जायचा, आणि आज त्याला काय म्हणायचं. हाताला सवय व्हावी म्हणून सोपा शब्द आधी घेतला: म्युरिॲटिक. म्युरिॲटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे शाळेपासून माहीत आहे. अंदाज धरला दोन तासांचा. नोंद पाऊण तासातच लिहून झाली:

‘म्युरिॲटिक – हायड्रोक्लोरिक या विशेषणाचं जुनं रूप.’

ही ओळ पुढे तीन वेळा खोडली. असंच काम कुणी करत असेल तर ती का खोडली, ते कळावं म्हणून या नोंदी ठेवते आहे.

५ फेब्रुवारी

व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘म्युरिआ’ म्हणजे मिठाचं दाट पाणी, ज्यात मासे वगैरे मुरवून ठेवतात ते. त्यावरून ‘म्युरिॲटिकस’, म्हणजे खारवलेला. प्लॉटस या रोमन नाटककाराच्या एका विनोदी नाटकात हा शब्द खारवलेल्या माशांसाठी येतो. भरपूर पाण्यात भिजत ठेवल्याशिवाय जे खाववत नाहीत, असे मासे. म्हणजे ॲसिडशी नातं जोडलं जाण्याआधी जवळजवळ दोन हजार वर्षं हा शब्द मिठाच्या पाण्यात पडून होता. आपल्याकडे ‘लवण’पासून ‘लोणचं’ झालं, त्याच घराण्यातला हा प्रकार.

आज फारसं काही बिघडलं नाही. बिघडायला सुरुवात उद्यापासून.

६ फेब्रुवारी

अर्धा दिवस वाया. आधीच्या चिठ्ठ्यांमध्ये (शब्द जिथे सापडला, त्या एकेका ठिकाणाची नोंद) शब्द शोधायला गेले, तर तेवीसपैकी नऊच सापडल्या. बाकीच्या डोळ्यांना दिसताहेत, पण शोधात येत नाहीत. कारण निघालं ते ‘ॲ’ या अक्षरात. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक अखंड ‘ॲ’, आणि दुसरं म्हणजे साधा ‘अ’, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे. शिवाय मी स्वतःच कुठे ‘म्युरियाटिक’ लिहिलं होतं, कुठे ‘म्यूरिएटिक’.

उपाय: सगळीकडे एकच रूप, अखंड ‘ॲ’. बदल फाइलभर एकदम केला आणि नंतर एकेक चिठ्ठी डोळ्यांखालून घातली. हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं.

९ फेब्रुवारी

स्कॅन केलेल्या पुस्तकांत शब्द शोधण्याचा दिवस. ‘म्युर-’ या अक्षरांनी सुरू होणारं सगळं गोळा केलं. त्यात ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द सुटले, आणि नको तो ‘म्युरेक्साइड’ शिरला. म्युरेक्साइडचा मिठाशी काही संबंध नाही. तो जांभळा रंग देणाऱ्या म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायीवरून आला. अशा अकरा चिठ्ठ्या फेकल्या.

त्याहून मोठी चूक संध्याकाळी लक्षात आली. जर्मन पुस्तकांतून एकही चिठ्ठी आली नव्हती. जर्मन भाषेला या लॅटिन विशेषणाची गरज फारशी पडलीच नाही. त्यांचा शब्द ‘झाल्त्सझॉयरं’, सरळ ‘मिठाचं आम्ल’, आणि त्याचं विशेषण ‘झाल्त्सझाउअर’. हे विशेषण इंग्रजीतल्या ‘म्युरिएट’चं, म्हणजे या आम्लाच्या क्षाराच्या नावाचं, काम करतं. मी अक्षरं शोधत होते, अर्थ नाही. जर्मन चिठ्ठ्या नव्याने काढाव्या लागल्या. दोन दिवस गेले.

१२ फेब्रुवारी

कालक्रम लावला आणि पहिली ओळ खोडली.

या आम्लाची आधीची नावं: मिठाचं स्पिरिट, सागरी आम्ल. सतराव्या शतकात ग्लाउबरने मिठावर गंधकाम्ल घालून ते काढलं. भांड्यात उरलेल्या सोडियम सल्फेटला आजही ग्लाउबरचं मीठ म्हणतात. १७७२ मध्ये प्रीस्टलीने ते वायुरूपात पाऱ्यावर गोळा केलं, कारण पाण्यावर गोळा करायला जावं तर वायू पाण्यातच विरघळून जातो. इथपर्यंत नाव कुठलंही असो, बोट एकाच पदार्थाकडे होतं.

मग १७८७. गीतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुरक्रुआ या चौघांनी रसायनाची नवी नामपद्धती मांडली. त्यात ‘म्युरिॲटिक’ची बढती झाली. नवा नियम असा की आम्लाचं नाव त्याच्या मूळ घटकावरून पाडायचं, आणि आम्ल म्हटलं की त्यात ऑक्सिजन असणारच. सल्फरचं सल्फ्युरिक, फॉस्फरसचं फॉस्फोरिक. मग म्युरिॲटिक कशाचं? उत्तर नव्हतं. १७८९ च्या लाव्हाझिएच्या पुस्तकात ३३ साध्या द्रव्यांचा तक्ता आहे, त्यात ‘म्युरिॲटिक मूलक’ (म्हणजे या आम्लाचा मूळ घटक) असा एक रकाना आहे आणि समोर लिहिलंय: अज्ञात.

मी त्या रकान्यापाशी बराच वेळ अडले होते. कुणी न पाहिलेल्या वस्तूचं नाव, पण जागा राखून ठेवलेली. तेव्हा १७८७ नंतर ‘म्युरिॲटिक’चा अर्थ ‘खाऱ्या पाण्यापासूनचं’ एवढाच राहिला नाही. तो ‘अजून न सापडलेल्या अमुक द्रव्याचं ऑक्सिजनयुक्त’ असा झाला. आणि ‘हायड्रोक्लोरिक’ तर याच्या नेमकं उलट सांगतो: हायड्रोजन आणि क्लोरीन, ऑक्सिजन नाही. दोन्ही विशेषणं एकाच बाटलीवर चिकटतात हे खरं. एकाच्या जागी दुसरं ठेवलं की वाक्याचा अर्थ मात्र मोडतो.

१६ फेब्रुवारी

हे नुसतंच पोकळ तत्त्व आहे की आकड्यांतही दिसतं, ते तपासायचं ठरवलं. जुन्या पृथक्करणांच्या तक्त्यांत मिठाला ‘म्युरिएट ऑफ सोडा’ म्हणत आणि त्याचे दोन भाग देत: सोडा इतका, म्युरिॲटिक ॲसिड इतकं. मी ‘म्युरिॲटिक ॲसिड’च्या जागी हायड्रोक्लोरिक वाचून हिशेब करायला बसले, आणि तो काही केल्या जुळेना. आधी वाटलं, त्या काळच्या तराजूंचा दोष. तीन संध्याकाळी त्या दोषाच्या मागे घालवल्या.

शेवटी आजचेच अणुभार घेऊन त्यांच्या पद्धतीने मिठाची फाळणी करून पाहिली. १०० भाग मीठ. सोडियम ऑक्सिजनशी जोडलेलं आहे असं समजून त्याला ‘सोडा’ म्हणून मोजलं, तर ५३.० भाग सोडा. उरले ४७.० भाग, तेच ‘म्युरिॲटिक ॲसिड’. आता हे ४७ भाग हायड्रोक्लोरिक ॲसिडचे समजले (त्याच्या रेणुभाराने, ३६.४६ ने भागले), तर येतात १.२९. सोड्यातलं सोडियम मात्र १.७१. जुळणार कसं? सोडियम आणि आम्लाचा वाटा तर समान हवा.

गोम अशी की त्यांनी सोड्यात जो ऑक्सिजन धरला, तो मिठात नाहीच; म्हणून तेवढं वजन नकळत आम्लाच्या वाट्यातून वजा झालं. क्लोरीनचे ३५.४५, त्यातून ऑक्सिजनचा अर्धा वाटा ८ वजा, उरले २७.४५. ४७.० भागिले २७.४५ म्हणजे १.७१. जुळलं!

म्हणजे तक्त्यातलं ‘कोरडं म्युरिॲटिक ॲसिड’ हे हायड्रोक्लोरिक नाही, क्लोरीनही नाही. २७.४५ वजनाचा असा पदार्थच जगात नाही. तराजू बरोबर होते, बिचाऱ्यांवर उगीच संशय घेतला. जुने तक्ते वाचणाऱ्यांनी ही फाळणी एकदा स्वतः करून पाहावी. वीस मिनिटांचं काम आहे, माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

२० फेब्रुवारी

आता ‘ऑक्सिम्युरिॲटिक’. १७७४ मध्ये शीलेने म्युरिॲटिक ॲसिड मँगनीजच्या काळ्या खनिजावर घालून एक पिवळट हिरवा, घसा धरणारा वायू काढला. त्याच्या भाषेत तो ‘फ्लॉजिस्टन काढून घेतलेलं’ मिठाचं आम्ल. फ्लॉजिस्टन म्हणजे जळताना वस्तूतून बाहेर पडतं असं तेव्हा मानलेलं एक काल्पनिक द्रव्य. फ्रेंच नामकरणात फ्लॉजिस्टन गेलं, ऑक्सिजन आला, आणि तोच वायू ‘ऑक्सिजनयुक्त म्युरिॲटिक ॲसिड’ झाला. पुढे आटून ‘ऑक्सिम्युरिॲटिक’. आज तो क्लोरीन. बाटली तीच, चिठ्ठी दोनदा बदललेली, आणि दोन्ही वेळा चुकीची.

इथे मी भाबडेपणाने नियम केला: ‘ऑक्सिम्युरिॲटिक = क्लोरीनचं’. तेवीस चिठ्ठ्यांना हा नियम लावून टाकला आणि झोपले.

२१ फेब्रुवारी

नियम रद्द. त्याच चिठ्ठ्या सकाळी पुन्हा पाहिल्या:

‘ऑक्सिम्युरिएट ऑफ लाइम’ म्हणजे १७९९ मध्ये टेनंटने पेटंट घेतलेली ब्लीचिंग पावडर.

‘ऑक्सिजनयुक्त म्युरिएट ऑफ पोटॅश’ म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, बर्तोलेचं. बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी ते घालून पाहताना १७८८ मध्ये फ्रान्समधल्या एसोन इथे स्फोट झाला आणि माणसं मेली.

‘ऑक्सिम्युरिएट ऑफ मर्क्युरी’ म्हणजे मर्क्युरिक क्लोराइड, जहाल विष.

एकच उपसर्ग, तीन वेगळी कामं. पहिल्यात रंग घालवणारं हायपोक्लोराइट, दुसऱ्यात स्फोटक क्लोरेट, आणि तिसरं तर साधं क्लोराइडच. तिथे ‘ऑक्सि’ एवढंच सांगतं की पाऱ्याच्या दोन क्षारांपैकी जास्त ऑक्सिजनवालं समजलं जाणारं हे. १८०९ च्या लंडन औषधसंहितेत पाऱ्याच्या या विषाचं नाव ‘ऑक्सिम्युरिआस’, आणि पोट साफ करायला देत त्या कॅलोमेलचं ‘सबम्युरिआस’. फरक एका उपसर्गाचा. आपल्याकडचं ‘रसकापूर’ हे नावही या दोन्ही पदार्थांसाठी वापरलेलं आढळतं, म्हणून त्याला मी प्रतिशब्दांच्या रकान्यात फिरकू दिलं नाही.

दुरुस्ती: विशेषण एकटं नोंदवायचं नाही. त्याच्यामागे येणारं नाम त्याच चिठ्ठीवर, त्याच ओळीत. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. पाच तास.

२६ फेब्रुवारी

‘ऑक्सि-’ कुठे संपतं ते शोधलं. १८०९ मध्ये गे-ल्युसाक आणि तेनार यांनी हा हिरवा वायू तापलेल्या कोळशावरून नेला. ऑक्सिजन असता तर कोळशाने तो खेचून घेतला असता. खेचला नाही. तरी त्यांनी जुनं मत लगेच सोडलं नाही. डेव्हीने विजेच्या घटमालेने कोळसा पांढराशुभ्र तापवला, तरी तेच. हायड्रोजन आणि हा वायू समान आकारमानाने घेतले तर दुप्पट आकारमानाचा म्युरिॲटिक वायू मिळतो, आणि पाण्याचा थेंबही नाही. १५ नोव्हेंबर १८१० च्या व्याख्यानात त्याने या वायूला मूलद्रव्य मानून क्लोरीन हे नाव सुचवलं, ग्रीक ‘क्लोरोस’वरून, म्हणजे पिवळट हिरवा.

मराठीत क्लोरीनला ‘हरिन’ म्हणत, तो हाच हरित रंग. मला हा शब्द मनापासून आवडतो. वहीत मात्र क्लोरीनच ठेवलं, कारण आज ‘हरिन’ लिहिलं की निम्मे वाचक हरणाच्या मागे धावतील.

डेव्हीचं नाव आवडण्याचं आणखी एक कारण: ते कुठल्याच सिद्धांतावर उभं नाही. उद्या हाही वायू संयुग निघाला असता, तरी रंग तर हिरवाच राहिला असता.

४ मार्च

समज असा होता की १८१० नंतर ‘म्युरिॲटिक’ निवृत्त. चूक. बर्झेलियस १८२० च्या आसपासपर्यंत जुन्या मताला धरून होता; न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने ‘म्युरिअम’ असं नावही ठेवलं होतं. गे-ल्युसाकचा ‘हायड्रोक्लोरिक’ येईपर्यंत आणि रुळेपर्यंत वेळ गेला. मधल्या काळात तर गंमतच: कोरडं मीठ ‘क्लोराइड ऑफ सोडियम’ आणि तेच पाण्यात विरघळलं की ‘म्युरिएट ऑफ सोडा’, असं एकाच पुस्तकात लिहिलेलं सापडतं. मी ते लेखकाचं दुर्लक्ष समजून ‘विसंगती’ असा शेरा मारला होता. विसंगती नव्हती, विरघळताना पाण्याचे घटक मिठाशी जोडले जातात, असं ते खरंच मानत. शेरा खोडला.

कायद्यातही शब्द टिकला. ब्रिटनमध्ये सोडा बनवणारे लब्लां पद्धतीचे कारखाने हा आम्लवायू धुराड्यातून सोडत आणि आसपासची झाडं होरपळत. १८६३ चा तिथला कायदा आला, त्याच्या पूर्ण नावातच ‘म्युरिॲटिक ॲसिड गॅस’ आहे, आणि त्यातला ९५ टक्के वायू अडवण्याची अट आहे. डेव्हीच्या व्याख्यानाला तोवर ५३ वर्षं झाली होती. कायद्याला सिद्धांताशी देणंघेणं नव्हतं. कारखानदाराला कळेल असा शब्द हवा होता.

औषधांत ‘म्युरिएट ऑफ मॉर्फिया’, ‘म्युरिएट ऑफ कोकेन’. इथे ‘म्युरिएट’ म्हणजे क्लोराइड नव्हे, हायड्रोक्लोराइड. चौथा अर्थ. चिठ्ठ्यांना नवा रंग लावला.

९ मार्च

मराठी प्रतिशब्द. दहा दिवस हे काम टाळत होते.

‘म्युरिएट’ला ‘लवणाम्लाचा क्षार’ लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा ऐकणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, ‘‘क्षार म्हणजे अल्कली ना?’’ पाठ्यपुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून होणारा पदार्थ; पण यवक्षार, सज्जीक्षार म्हणताना क्षार म्हणजे कार्बोनेट, अल्कधर्मी. जुन्या पुस्तकांच्या वाचकाच्या कानात हा दुसरा अर्थ आधी वाजतो. ‘लवण’ घ्यावं तर ‘लवणाम्लाचं लवण’, म्हणजे मिठाच्या आम्लाचं मीठ, ऐकायला बाळबोध.

‘लवणाम्ल’ मात्र शब्द म्हणून फार चांगला बसतो. खाऱ्या पाण्यावरून म्युरिॲटिक, लवणावरून लवणाम्ल. दोघांच्याही पोटात ऑक्सिजनचा दावा नाही. पण हाच त्याचा दोषही: १७८७ ते १८१० मधल्या वाक्यात तो दावा महत्त्वाचा असतो, आणि ‘लवणाम्ल’ तो गिळून टाकतो. ‘ऑक्सिलवणाम्ल’ करून पाहिलं. लिहिलं आणि खोडलं.

निर्णय: १७८७ आधी ‘मिठाचं आम्ल’ किंवा ‘लवणाम्ल’. १७८७ नंतर शब्द जसाच्या तसा, ‘म्युरिॲटिक’, आणि आजचा पदार्थ बाजूला सूत्रासह. भाषांतर करायचा मोह आवरला, याचं थोडं वाईट वाटतंय.

१४ मार्च

आजही हा शब्द कुठे जिवंत आहे ते पाहिलं. फरशी आणि भिंती धुण्याच्या ॲसिडच्या डब्यावर ‘म्युरिॲटिक’ आणि ‘२० अंश बोमे’ असं असतं. बोमे हे घनतेचं जुनं माप. पाण्याहून जड द्रवासाठी १४५ भागिले (१४५ वजा अंश). म्हणजे १४५ भागिले १२५, विशिष्ट गुरुत्व १.१६. त्या घनतेला आम्ल साधारण ३१.४५ टक्के. टक्केवारीतली ती दोन दशांश स्थळं कुठून आली, याचा मला कायम अचंबा वाटायचा. अंशाचा आकडा आधी गोल धरला, टक्के मागून आले.

आणि खताची गोणी. ‘म्युरिएट ऑफ पोटॅश’, शेजारी पोटॅश ६० टक्के. हे टक्के पोटॅशियम ऑक्साइडचे मोजलेले असतात. गोणीत पोटॅशियम क्लोराइड. ऑक्साइडचा कणही नाही. शुद्ध क्लोराइडला हाच हिशेब लावला तर ६३.२ येतात, आणि उरलेले ३६.८? तेच ते ‘कोरडं म्युरिॲटिक ॲसिड’, जे कधी नव्हतंच. १६ फेब्रुवारीला मिठाची जी फाळणी करताना घाम फुटला, ती या गोणीवर छापून येते आहे, आणि मी ती कित्येकदा वाचली होती.

२३ मार्च

नोंद पूर्ण. अंतिम रूप, जसं वहीत गेलं:

‘म्युरिॲटिक, वि. (१) १७८७ पर्यंत: मिठाच्या पाण्याचं, मिठापासून मिळवलेलं. (२) १७८७ ते साधारण १८२०: एका अज्ञात मूलकाचं ऑक्सिजनयुक्त, तक्त्यांतलं ‘कोरडं’ आम्ल हायड्रोक्लोरिक समजून हिशेब करू नये. (३) त्यानंतर: हायड्रोक्लोरिकचं व्यवहारातलं नाव. ‘म्युरिएट’ धातूबरोबर आलं तर क्लोराइड, वनस्पतिजन्य औषधाबरोबर आलं तर हायड्रोक्लोराइड. ‘ऑक्सिम्युरिएट’ पुढचं नाम पाहिल्याशिवाय वाचू नये.’

हिशेब: दोन तासांचा अंदाज, प्रत्यक्षात साधारण सत्तर तास. त्यातले निम्मे चिठ्ठ्या पुन्हा लिहिण्यात. एकूण चिठ्ठ्या १४२, टाकून दिलेल्या ३१. सहा चिठ्ठ्या कुठल्याच अर्थात बसल्या नाहीत. त्या ‘सबम्युरिएट’च्या पाकिटात ठेवल्यात. पुढचा शब्द ‘व्हिट्रिऑलिक’ घ्यायचा ठरलाय. यावेळी चिठ्ठीवर पहिला रकाना सालाचा आहे, आणि अंदाज कुणाला सांगितलेला नाही.